टेफ्लॉन कॉकची ५० मिलि ब्युरेट: कॉक झकास, खुणा मात्र तपासून घ्या

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी पुण्यात पेठांमधल्या दुकानांतून सर्रास मिळते ती ही क्लास बी (अचूकतेची साधी प्रत) ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून थेंब थेंब सोडायची खुणांची काचेची नळी. काचेच्या कॉकपेक्षा टेफ्लॉनला थोडे जास्त पैसे पडतात, पण ते वसूल होतात. कॉस्टिक सोडा भरून ठेवला की काचेचा कॉक चिकटून बसतो. परमँगनेटचं तर त्या कॉकला लावाव्या लागणाऱ्या ग्रीसशी वाकडं, लगेच तपकिरी थर धरतो. इथे ग्रीस लागतच नाही. अर्धा थेंब तोटीवर अडवून फ्लास्कच्या कडेला टेकवणं आरामात जमतं. गळत असेल तर नट जरासा आवळा, जोर लावू नका. कपाटात ठेवताना सैल करून ठेवा.

खरी गोची खुणांची. क्लास बीला ±०.१ मिलि चूक माफ असते. समजा, १० मिलि ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाला ९.६ मिलि सोडा लागला. आम्ल ०.५ मिलिमोल, त्याच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणून सोडा दुप्पट म्हणजे १.०, भागिले ९.६, उत्तर ०.१०४२ मोलर. तेच रीडिंग ९.५ आलं तर ०.१०५३, म्हणजे टक्क्याचा फरक. (दुप्पट करायला विसरणाऱ्यांना कुठलीच ब्युरेट वाचवू शकत नाही.) म्हणून आणल्या आणल्या वजन करून बघा: २५ अंश सेल्सिअसला २५ मिलि पाणी तराजूवर २४.९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. २४.८० च्या खाली किंवा २५.०० च्या वर गेलं तर सरळ बदलून मागा.

कॉकच्या खाली तोटीत बुडबुडा हमखास अडकतो. मधेच सुटला तर रीडिंग फुगतं आणि सोडा आहे त्याहून सौम्य निघतो. कॉक पूर्ण उघडून जोरात धार सोडा, मगच शून्य लावा. नरसाळं काढायला विसरू नका.

सी.बी.आर. (लागोपाठ सारखं येणारं ब्युरेट रीडिंग) जुळूनही उत्तर चुकत असेल तर ब्युरेटला बोल लावण्याआधी पाणी बघा. उपनगरांत बोअरचं जड पाणी येतं. त्यात ऑक्झॅलिक आम्ल विरघळवलं की कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा गढूळपणा दिसतो. शिवाय त्या पाण्यातलं बायकार्बोनेट थोडं आम्ल खाऊन टाकतं, त्यामुळे सोडा कमी लागतो आणि उगाच तीव्र दिसतो. डिस्टिल्ड वॉटरला पर्याय नाही.

कॉलेज आणि क्लाससाठी बिनधास्त घ्या. भोसरीच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला (दर्जा तपासणीला) लागणार असेल तर सर्टिफिकेटवाली ‘क्लास ए’ प्रतीचीच घ्या. स्वस्त मालावरचे आकडे सोड्याने पुसट होत जातात, तेव्हा काम झालं की लगेच धुऊन, कॉक उघडा ठेवून उलटी टांगा.