पूर्ण डेस्कटॉप सिंक करावा की एकच फोल्डर?

सावद्याला केळीच्या पेढीवर एक कॉम्प्युटर आणि भुसावळला घरी दुसरा, असं ज्यांचं काम आहे त्यांच्यासमोर हा प्रश्न येतोच. दोन्हीकडचा डेस्कटॉप एकच करावा, की डेस्कटॉप ज्याचा त्याच्याकडे ठेवून एकच फोल्डर सिंक करावं? मी दोन्ही पद्धती वनड्राइव्हवरच, म्हणजे इंटरनेटवरून फायली सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर, वापरल्या आहेत.

पूर्ण डेस्कटॉप सिंक करण्याचं सुख मोठं आहे. संध्याकाळी पेढीवर डेस्कटॉपवर टाकलेली गाड्यांची यादी जेवण होईपर्यंत घरी समोर येते. फुकटची जागा 5 जीबी, ती मालाच्या फोटोंनी लवकर भरते, एवढंच. डेस्कटॉपवर नुसत्या एक्सेल आणि पीडीएफ फायली असतील तर हीच पद्धत घ्या.

घोडं अडतं शॉर्टकटवर. शॉर्टकटच्या फाइलमध्ये असतो फक्त मूळ प्रोग्रामचा पत्ता. आमची टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, पेढीवर डी ड्राइव्हमध्ये आहे, घरी सीमध्ये. सिंकमधून पत्ता येतो, टॅली येत नाही, आणि घरच्या स्क्रीनवर पांढरं कोरं चिन्ह बसतं. इथवर चालवून घेता येतं. पण त्या चिन्हावर क्लिक केलं की विंडोज विचारतं, मूळ वस्तू हलली आहे किंवा बदलली आहे, शॉर्टकट काढून टाकू का? आमच्या मुलीनं 'हो' म्हटलं, कोणीही म्हटलं असतं. सिंकच्या लेखी काढून टाकणं हाही बदलच, त्यामुळे पेढीवरचा चांगला चालणारा शॉर्टकटही गेला. सकाळी गाडी भरून उभी, ड्रायव्हर बिलासाठी खोळंबलेला आणि दिवाणजी स्क्रीनवर टॅली शोधताहेत. रिसायकल बिनमधून तो परत आणता येतो, पण आणला की घरी पुन्हा तेच पांढरं चिन्ह हजर. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

आता वनड्राइव्हमध्ये 'पेढी' नावाचं एक फोल्डर आहे, दोन्हीकडे एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला पिन केलेलं. टॅलीचा शॉर्टकट ज्या त्या कॉम्प्युटरवर हातानं केलेला. यात तोटाही आहे: सवयीनं डेस्कटॉपवर टाकलेली फाइल दुसरीकडे पोचत नाही, आणि दिवाणजींची सवय मोडायला बरेच दिवस गेले. बाजारभावाच्या पानाचा शॉर्टकट मात्र अ‍ॅड्रेस बारमधून ओढून याच फोल्डरमध्ये ठेवला आहे. वेबचा पत्ता सगळीकडे सारखाच, तो बिनतक्रार चालतो.

सिंकथिंग या, कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर थेट सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एलएनके फायली, म्हणजे शॉर्टकट, वगळून बाकीचा डेस्कटॉप सिंक करता येतो, तोडगा चांगला आहे. पण त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू लागतात, आणि आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही.

दोन्हीकडे युजरचं नाव, ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर तंतोतंत सारखं असेल तर तुम्हाला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. पण हिशोबाचं काम असेल आणि घरचा कॉम्प्युटर मुलंही वापरत असतील, तर मी वेगळं फोल्डरच सुचवेन.

बदल करताना वनड्राइव्हमधला डेस्कटॉपचा बॅकअप (डेस्कटॉप सिंक होतो तो यामुळेच) आधी दोन्हीकडे बंद करा. त्यानंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये सापडतात. तिथून त्या कॉपी करून आणा, शॉर्टकट तेवढे नव्यानं करा.