विद्यार्थ्यांच्या चिंतेवर ऑस्टिओपॅथिक हस्तोपचार: कशासाठी घ्यावेत, कशासाठी घेऊ नयेत

प्रबंध सादर करण्याच्या धावपळीत माझी झोप उडाली, छातीवर सतत दडपण राहू लागले आणि तोंडी परीक्षेचा नुसता विचार आला तरी हृदय धडधडू लागले. समुपदेशन सुरू होतेच. त्याच्या जोडीला मी ऑस्टिओपॅथिक हस्तोपचारांची, म्हणजे स्नायू आणि सांध्यांवर हातांनी केल्या जाणाऱ्या उपचारांची, सत्रे घेतली. हे उपचार शरीरात मुरलेला ताण उतरवतात, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. मात्र ज्या विचारांमुळे हा ताण पुन्हा पुन्हा साचतो, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि हा फरक उपचारक किती स्पष्टपणे सांगतो यावरच मी या सेवेचा दर्जा ठरवते.

ही पद्धत अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले महाविद्यालय सुरू केले. शरीराची रचना आणि तिचे कार्य एकमेकांवर अवलंबून असतात, हा त्यांचा मूळ विचार होता. आज मात्र ऑस्टिओपॅथीची पदवी सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत ही पदवी घेतलेली व्यक्ती औषधे लिहून देऊ शकणारी पूर्ण डॉक्टर असते. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आणि नियमन लागू झाले, पण तेथील उपचारक प्रामुख्याने हातांनीच उपचार करतात. आणि काही देशांत तर नियमनच नाही. चिंताग्रस्त विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा कॉफीचा अतिरेक यांचीही लक्षणे चिंतेसारखीच दिसतात, आणि ती ओळखण्याचे प्रशिक्षण समोरच्या व्यक्तीला मिळाले आहे की नाही, हे उपचार सुरू होण्याआधीच कळायला हवे.

या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या सत्रात घेतलेला सविस्तर इतिहास. झोप कधी मोडते, वाचताना मान कुठे झुकते, रात्री दात आवळले जातात का, डोक्याला पूर्वी कधी मार लागला होता का, धडधड बसल्या जागी होते की चालताना, असे प्रश्न माझ्या उपचारकांनी घाई न करता विचारले. त्यानंतर चिंतेची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात मागील दोन आठवड्यांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात, एकूण गुण एकवीसपर्यंत जातात, आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढील तपासणी करून घ्यावी असे मानले जाते. ‘हे गुण तुमच्या समुपदेशकांनाही दाखवा,’ असे त्यांनी मला आपणहून सांगितले, आणि माझा विश्वास बसला तो याच वाक्यामुळे.

प्रत्यक्ष उपचारात मोडण्या-तोडण्याचा प्रकार जवळजवळ नव्हता. मी पाठीवर निजलेली असताना उपचारक उशाशी बसतात आणि कवटीचा मागचा भाग जिथे मानेला मिळतो तिथे, खालून, दोन्ही हातांची बोटे टेकवून ठेवतात. दाब देत नाहीत, चोळत नाहीत. डोक्याचे वजन हळूहळू बोटांवर येऊ देतात. सुरुवातीला मान आपसूक ताठ राहते, जणू डोके कुणाच्या हाती सोपवायला ती तयारच नसते. काही मिनिटांनी ती ताठरता विरघळते आणि आपण इतका वेळ डोके उचलून धरले होते हे तेव्हा कुठे ध्यानात येते. नंतर ते कुशीच्या बाजूला बसून हात पाठीखाली सरकवतात आणि पाठीच्या कण्यालगत, जिथे बरगड्या मणक्यांना जोडलेल्या असतात, तिथे बोटांच्या टोकांनी बरगड्यांना वरच्या दिशेने लयबद्ध उचल देतात. शेवटी खालच्या बरगड्यांच्या कडेशी अंगठे ठेवून, श्वास सोडताना श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या, हालचालीला हळुवार साथ देतात. याच टप्प्यावर माझा श्वास गळ्यापाशी अडखळायचा थांबला आणि पोट वरखाली होऊ लागले. कित्येक आठवड्यांत तसा श्वास मी घेतलेला नव्हता.

असे का होते, याची काही कारणे समजण्यासारखी आहेत. ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या गाठींची साखळी बरगड्यांच्या मुळांसमोरूनच जाते, म्हणून बरगड्यांच्या हालचालीचा तिच्यावर परिणाम होतो असे या पद्धतीत मानले जाते. हे गृहीतक बाजूला ठेवले तरी दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते आणि त्वचेतील काही मज्जातंतू सावकाश, मृदू स्पर्शाला विशेष प्रतिसाद देतात, हे शरीरशास्त्राने दाखवलेले आहे. शिवाय फोन दूर ठेवून, कुणी आपल्याकडे पूर्ण लक्ष देत असताना, शांत खोलीत निजून राहणे विद्यार्थ्याच्या दिनक्रमात एरवी कुठे असते? माझ्या मते परिणामाचा बराचसा वाटा याचाच असावा, आणि म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

संशोधनाबद्दल मात्र सावधपणे बोलले पाहिजे. विद्यार्थ्यांवर झालेले अभ्यास बहुतांशी छोट्या गटांवरचे आणि अल्पकाळाचे आहेत. औषधाच्या चाचणीत निष्क्रिय गोळी देता येते. इथे आपण खरा उपचार करतो आहोत की नुसता हात ठेवतो आहोत हे उपचारकाला ठाऊकच असते, आणि नुसता हात ठेवण्यानेही माणूस शांत होऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ‘या क्षणी वाटणारी चिंता’ आणि ‘स्वभावात भिनलेली चिंता’ वीस-वीस प्रश्नांनी वेगवेगळी मोजतात. सत्र संपल्यावर लगेच पहिली कमी झालेली दिसली, तर दुसरीही कमी झाली असा अर्थ काढता येत नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. सत्रानंतरची रात्र गाढ झोपेची जाई, दुसऱ्या दिवशीही खांदे सैल राहत, पण मार्गदर्शकांचा एक प्रश्नार्थक ईमेल आला की पोटात पुन्हा गोळा येई. त्या ईमेलचा मी लावत असलेला अर्थ तपासायला मला शिकवले ते समुपदेशनाने.

या सेवेचा एक भाग मी कुणालाही सुचवणार नाही, आणि तो म्हणजे कवटीच्या हाडांविषयीचे दावे. अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम गार्नर सदरलँड यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार कवटीच्या हाडांना सूक्ष्म, लयबद्ध हालचाल असते आणि ती हाताला जाणवते. परंतु एकाच व्यक्तीची लय वेगवेगळ्या तपासनिसांनी मोजली तेव्हा त्यांची मोजमापे एकमेकांशी जुळली नाहीत. अशा पायावर निदान उभे करता येत नाही. आधी मी ज्या दुसऱ्या उपचारकाकडे गेले होते, त्यांनी माझ्या डोक्याला हात लावताच ‘हाडे अडकली आहेत, चिंता तिथूनच येते’ असे सांगितले आणि आता समुपदेशनाची गरज उरणार नाही अशी ग्वाही दिली. परीक्षेच्या भीतीने गांजलेल्या विशीतल्या मुलाला किंवा मुलीला असे सांगणे घातक आहे. सततच्या चिंतेवर विचार-वर्तन उपचारांचा आणि आवश्यक तेथे औषधांचा आधार भक्कम आहे, आणि ते थांबवायला लावण्याचा अधिकार कोणत्याही हस्तोपचाराला नाही.

मानेला झटका देऊन आवाज काढण्याच्या तंत्राची चिंतेसाठी गरज नाही. त्यातून मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचे प्रसंग क्वचित, पण नोंदवले गेले आहेत. ‘मानेला झटका नको’ असे स्पष्ट सांगावे आणि ते न ऐकणाऱ्याकडून उठून यावे. स्पर्शाच्या बाबतीतही तेच. माझे उपचारक प्रत्येक वेळी हात ठेवण्याआधी कुठे आणि कशासाठी ते सांगत आणि होकाराची वाट पाहत. कपडे अंगावरच राहत, सोबत कुणाला बसवायचे असेल तर हरकत नसे. ज्यांना पूर्वी नकोशा स्पर्शाचा अनुभव आला आहे, त्यांच्यासाठी हे उपचार शांत करणारे नसून घाबरवणारे ठरू शकतात. त्यांनी आधी आपल्या समुपदेशकांशी बोलावे.

ज्यांची चिंता जबड्यात, मानेत, श्वासात उतरली आहे आणि ज्यांना समुपदेशकासमोर बसूनही अंग सैल सोडता येत नाही, त्यांना ही सत्रे मी मनापासून सुचवेन. सत्र शक्यतो मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच घेऊ नये, कारण नंतर काहींना अंग दुखल्यासारखे किंवा थकल्यासारखे वाटते. घरी करण्यासाठी काही शिकवणार का, हेही विचारावे. खालच्या बरगड्यांवर स्वतःचे तळवे ठेवून सावकाश श्वास सोडण्याची पद्धत मला तिथेच शिकवली गेली आणि तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर, नाव पुकारले जाण्याची वाट पाहताना, मी तीच वापरली. पण आत्महत्येचे विचार येत असतील, खाणे-झोपणे पार कोलमडले असेल किंवा घबराटीचे झटके वारंवार येत असतील, तर हस्तोपचारांची वेळ ठरवण्याआधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे, आणि तेही त्याच दिवशी.