पेंटॅक्स के१००० की कॅनन एई-१: गोव्याच्या हवेत रोज वापरायचा तर

दोन्ही रोलचे कॅमेरे १९७६चे, दोन्हींचं शटर कापडी पडद्याचं, आणि दोन्हींची धाव १/१००० सेकंदापर्यंत. सोयीत एई-१ पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. शटरचा वेग तुम्ही लावायचा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं, ते तो ठरवतो. शिगम्याच्या मिरवणुकीत ढोलवाला उन्हातून माडाच्या सावलीत शिरला, तरी डोळा हलवावा लागत नाही. पण वर्षभर स्कूटरच्या डिकीत आदळणारा, चोडणच्या फेरीबोटीवर खारा वारा खाणारा आणि चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या सणाला, माशेलला न्यायचा कॅमेरा निवडताना मी वेगळं बघतो. तो बंद पडतो तेव्हा नेमका किती बंद पडतो?

एई-१ पूर्ण बंद पडतो. त्याला सहा व्होल्टचा ४एलआर४४ सेल लागतो. सेल उतरला की बटण दाबून काही होत नाही, आणि शटर चढवलेलं असेल तर रोल पुढे सरकवायचा लिव्हरही हलत नाही. रोल मध्येच अडकतो. हा सेल पणजी-मडगावात शोधला तर मिळतो, वाळपई-काणकोणला मिळेलच असं नाही. घड्याळवाल्याकडचे चार एलआर४४ एकावर एक रचून कागदात गुंडाळले तरी काम भागतं. मात्र चारांची उंची साधारण २१.६ मिमी भरते आणि मूळ सेल २५ मिमीचा असतो, म्हणून उरलेल्या जागेत अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घट्ट घडी बसवावी लागते. ती सैल राहिली की खड्ड्यागणिक संपर्क तुटतो.

खरी कटकट त्या सेलच्या झाकणाची. ते प्लास्टिकचं आहे आणि त्याचा अडकवायचा दात नखाएवढा. ते उघडायला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, कव्हराची कड वापरायची असते, पण जुन्या बाजारात ते कव्हर कॅमेऱ्यासोबत क्वचितच येतं. मग लोक नाण्याने उचकटतात आणि दात मोडतो. झाकणाला सेलोटेप लावलेले एई-१ इतके दिसतात की तो मूळ डिझाइनचा भाग वाटावा. टेपच्या फटीतून जून ते सप्टेंबर दमट हवा आत जाते आणि पत्र्यांवर हिरवट थर चढतो. सेल नवा असूनही कॅमेरा मेलेला, असं होतं ते इथे. कानकोरणीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन थर पुसायचा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल फिरवायचं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. माझ्यापुरता निकाल या झाकणाने लावला.

एई-१चा खोकला त्यामानाने किरकोळ. शटर उडताना कर्र असा आवाज आला, तर आरशाच्या गिअरमधलं वंगण वाळलंय. लांब सुईने हलक्या तेलाचा एकच थेंब नेमका त्या गिअरवर पडला पाहिजे. जास्त झालं तर तेल शटरच्या चुंबकांपर्यंत जातं आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

के१०००चा सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवतो. तो संपला तरी शटर सगळ्या वेगांवर चालतं. कडक उन्हात २०० स्पीडच्या रोलला १/२५०चा वेग आणि एफ-१६चं अ‍ॅपर्चर, आषाढातल्या भरल्या आभाळाखाली १/१२५ आणि एफ-५.६, एवढं पाठ असलं की निगेटिव्ह वाया जात नाही. सेल्फ-टायमर नाही, म्हणजे तो बिघडण्याचाही प्रश्न नाही.

खोट त्यातही आहे. मीटरला स्विचच नाही. लेन्सवर टोपी असेल तेव्हाच तो झोपतो, आणि डिकीत टोपी निघाली की सेल खात बसतो. शिवाय जुन्या नगात संथ वेग चिकटतात. एक सेकंद लावून ऐका: घर्रर्र एकसारखी आणि शेवटपर्यंत यायला हवी. नंतर मागचं झाकण उघडून, पांढऱ्या भिंतीकडे रोखून १/१००० उडवा. चौकटीची एक कड काळी राहिली तर शटरच्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाही, आणि त्यासाठी शटर उघडावंच लागेल.

प्रकाश अडवणारा फोम दोन्हींत डांबरासारखा चिकट झालेला सापडेल. टूथपिक आणि अल्कोहोलने खाचा साफ करून काळी लोकर दाबून बसवली तरी चालते. आरशावरच्या फोमपट्टीजवळ मात्र जपून. अल्कोहोल आरशावरच्या फोकसिंग स्क्रीनवर उतरलं तर प्लास्टिकवर कायमचा डाग पडतो. लेन्सच्या बुरशीला दोन्ही सारखेच बळी पडतात: हवाबंद डबा आणि सिलिका जेल, तांदळाचा डबा नको. पीठ आत जातं.

एई-१ ज्यांच्या हाती आधीच चांगला, झाकण शाबूत असलेला आहे, त्यांनी तो विकून के१००० घ्यावा असं मी म्हणणार नाही. नव्याने घेणाऱ्याने, माझ्या मते, के१०००कडे आधी बघावं. फक्त १९९०नंतरच्या, चीनमध्ये जुळवलेल्या नगांची वरची आणि खालची झाकणं प्लास्टिकची आहेत. प्रिझमवर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, नख वाजवून बघा. धातू थंड लागतो आणि टणक वाजतो. आपटला तर त्याला पोचा पडतो आणि कॅमेरा चालत राहतो, प्लास्टिक मात्र स्क्रूपाशी तडकतं. ‘आसाही पेंटॅक्स’ अशी दोन्ही नावं कोरलेला जुना नग मिळाला तर तोच घ्या, आणि लेन्सच्या मापाची घट्ट बसणारी टोपी त्याच दिवशी, दोरीसकट.