आत्याची मेडलं आणि मोती चौकाजवळचे फ्रेमवाले काका

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकाकडं येताना जे छोटं फोटोफ्रेमचं दुकान लागतं, तिथून आत्याचा फोटो आणि मेडलं फ्रेम करून घेतली. पाचपैकी पाच स्टार देतेय, का ते सविस्तर लिहिते.

आत्या मिलिटरी नर्सिंग सर्विसमध्ये होती, १९७१ च्या युद्धात कलकत्त्याच्या कमांड हॉस्पिटलला. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती दिली, पेपरात युद्ध संपलं पण वॉर्डात कुठलं संपतंय, सुरुंगावर पाय गेलेली विशीतली पोरं, ड्रेसिंग बदलताना तिचा हात सोडायची नाहीत, एवढं सांगितलं की ती विषय बदलायची.

ती गेल्यावर फोटो आधी दुसरीकडं साफ करायला दिलेला. त्यांनी कुठल्यातरी एआय ॲपमधून काढून दिला, चेहरा गोरा गुळगुळीत आणि खांद्यावरचे स्टार म्हणजे ब्लाउजवरची फुलं!! ही आमची आत्याच नाही म्हणून मी तो घरी लावलाच नाही.

या काकांनी भिंग लावून आधी खांदा बघितला आणि म्हणाले, "दोन स्टार आहेत, मॅडम लेफ्टनंट होत्या का तेव्हा?" खरं सांगते, आमच्या घरात इतकी वर्षं सगळे 'नर्स होती' एवढंच म्हणायचे. मिलिटरी नर्सिंगमधल्या बायकांना १९४३ पासून ऑफिसरचं कमिशन मिळतं, आत्या पुढं कॅप्टन होऊन बाहेर पडली, पण 'फौजी' म्हटलं की आपल्याकडं पुरुषच डोळ्यासमोर येतो आणि हे, फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी ज्या जिल्ह्यात आहे तिथं!

काम एक नंबर. डाग, घडीची रेघ काढली पण गालावरचा देवीचा व्रण तसाच ठेवला, तो मला हवाच होता. १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल आधी आणि १९७२ चं स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल त्यानंतर, क्रम बरोबर लावला. मेडलं गोंदानं चिकटवली नाहीत, मखमलीवर रिबिनीला बारीक टाके घातलेत, उद्या काढायची म्हटली तरी धक्का लागणार नाही. खाली पितळी पट्टीवर नावाच्या आधी 'कॅप्टन' कोरून घेतलं.

कमी म्हणाल तर वेळ लागतो, सणासुदीला तर जास्तच, आणि गाडी लावायला जागा अजिबात नाही, राजवाड्याला लावून चालत या. साधी काच घेतली तर उजेड चमकतो, थोडे जास्त पैसे घालून मॅट काच घ्या. आणि जाताना सर्विसचे कागद बरोबर न्या, काका रँक आणि मेडलांची नावं त्यावरूनच लिहून घेतात, तोंडी सांगितलेलं कोरत नाहीत.