मित्रासोबत सोपी खडकचढाई: चिखलदरा की पचमढी?

नागपूरहून दोन्हीकडे साधारण सारखाच रस्ता, चार-पाच तासांचा. खरा फरक दगडात आहे.

चिखलदऱ्याला लाव्हाचा काळा बेसाल्ट. कोरडा असला की पकड बरी, पण कपारीतले तुकडे सुटे निघतात. भार टाकण्याआधी दगड ठोकून पाहायचा, पोकळ वाजला की सोडायचा. दोर धरणारा मित्र बरोबर खाली उभा नको, बाजूला हवा. हेल्मेट दोघांनाही.

पचमढीचा वालुकाश्म खरखरीत, बूट छान धरून ठेवणारा. नवशिक्याला तिथे लवकर विश्वास येतो. पण पाणी मुरलं की हा दगड कमजोर होतो. वरून सुकलेला दिसला तरी आत ओल असते, म्हणून पावसानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. ‘चाल ना बे, सुकला आहे’ म्हणणाऱ्याचं तेवढ्यापुरतं ऐकू नये.

परवानगीचं वनखात्याला आधी विचारा; दोन्हीकडे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे.

मी थंडीत पचमढी निवडेन. संध्याकाळी १३५२ मीटरचं धूपगड, सातपुड्याचं सर्वोच्च शिखर, पाहता येतं. ऑक्टोबरात अवकाळी सर येऊन गेली असेल तर मात्र चिखलदरा. चढाई फसलीच तर गाविलगड फिरायला आहेच, आणि तिथली कॉफीही.