दीड तासाची शांतता : एनव्हीडीएसह विंडोज ११ वर सहा महिने

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी माझा संगणक बोलायचा थांबला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने तोंड उघडले नाही. मी अंध आहे; पडद्यावरचा मजकूर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे वाचून दाखवणारा प्रोग्राम, मला ऐकवतो. मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० ला असलेला पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. सांगलीच्या मार्केट यार्डातील ज्या अडत दुकानाच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) मी विश्रामबागेतील घरी बसून तयार करतो, ते दिवाळीमुळे बंद होते, म्हणून विंडोज ११ वर जाण्यासाठी मी हेच दिवस निवडले.

सुरुवातीला काहीच अडचण आली नाही. काम पुढे सरकेल तसा एनव्हीडीएचा बीप चढत्या स्वरात वाजत होता आणि मी निर्धास्त होतो. मग संगणक पुन्हा सुरू झाला आणि सगळे शांत झाले. या टप्प्यात जुनी प्रणाली बंद असते व नवी बसत असते, त्यामुळे एनव्हीडीए, जॉज किंवा विंडोजचा स्वतःचा नॅरेटर यांपैकी कोणताही स्क्रीन रीडर चालू शकत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि दीड तास संगणकाच्या पंख्याच्या घरघरीवरून अंदाज बांधत बसणे वेगळे. मध्येच पंखा थांबला की वीज गेली असे वाटून मी ट्यूबलाइटचे बटण दाबून ताईला विचारत असे. ओवाळायला आलेली ताई तबक तयार करता करता डोकावून "एकसष्ट झाले रे" असे सांगून जाई. डोळस माणसाला पडद्यावर टक्केवारी दाखवता येते, तर त्याच वेळी दर पाच मिनिटांनी एक साधा टिक ऐकवण्याची सोय का असू नये? सहा महिन्यांनंतरही माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

खरा घोटाळा पुढे झाला. पासवर्डचा पडदा आल्याचे ताईने सांगितले, मी कंट्रोल-विंडोज-एंटर दाबले, नॅरेटरची खिडकी उघडल्याचेही तिने पाहिले, पण आवाज नाही. नव्या प्रणालीला जुन्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, चालत नव्हता. मी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. "स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा," असे त्यांनी मला तीन वेळा विचारले आणि शेवटी संगणक घेऊन या, फॉर्मॅट मारून देतो, आठशे रुपये होतील, असे सुनावले. आवाज गेला म्हणून सगळा संगणक पुसायचा, हा कुठला न्याय? मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या मित्राने फोनवर उपाय सांगितला : यूएसबी साउंड कार्ड लाव. असे कार्ड विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालते. मला ते अडीचशे रुपयांना मिळाले. खोचल्यावर काही क्षणांतच हेडफोनमधून नॅरेटर बोलू लागला आणि मला अक्षरशः भरून आले. त्यानंतर मूळ ड्रायव्हर मी स्वतःच बसवला, कुणाचेही डोळे उसने न घेता.

जुन्या प्रणालीवर परतण्याची मुभा फक्त दहा दिवस असते. नवव्या दिवसापर्यंत माझे मन परत जाण्याकडेच झुकलेले होते, कारण संदर्भसूचीत (राइट क्लिकने उघडणाऱ्या सूचीत) नेहमीचे पर्याय सापडत नव्हते आणि आवाज व वाय-फाय यांची वेगवेगळी बटणे एकाच बटणात गेली होती. शिफ्ट-एफ१० ने जुनी पूर्ण सूची येते आणि विंडोज-कंट्रोल-व्ही ने आवाज कोणत्या उपकरणातून यावा हे थेट निवडता येते, हे कळल्यावर माझे मत बदलले. हिशेबाच्या कामात आता काही अडत नाही. हळदीच्या सौद्यांच्या गर्दीतही पट्ट्या वेळेत गेल्या. शिवाय संगणक सुरू होतानाचा आवाज, जो विंडोज १० मध्ये मुळात बंद असे, तो परत आला आहे. डोळस वाचकांना ही बाब क्षुल्लक वाटेल. यंत्र जागे झाले हे मला मात्र त्यावरूनच कळते.

ज्यांना अजून विंडोज ११ वर जायचे आहे त्यांनी आधी एनव्हीडीएच्या साधने या सूचीतून, आपल्या सेटिंगसह, पेन ड्राइव्हवर पोर्टेबल (न बसवता थेट चालणारी) प्रत करून ठेवावी, साइन-इनच्या पडद्यावरही एनव्हीडीए सुरू होईल असा पर्याय तपासावा आणि यूएसबी साउंड कार्ड आधी विकत घेऊन एकदा लावून पाहावे. माझे कार्ड आता मिरजेच्या त्याच मित्राकडे आहे, कारण येत्या रविवारी त्याचा संगणक विंडोज ११ वर न्यायचा आहे. टक्केवारी वाचून दाखवायला त्याच्या घरी त्या दिवशी कोणी नसेल, म्हणून व्हिडिओ कॉलवर पडदा पाहण्याचे ताईने कबूल केले आहे.