टेक्सासचा क्रमांक की हार्वर्डची फाइल?

टेक्सासात १९९७ च्या कायद्याने हिशेब सोपा केला: आपल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत या, राज्याच्या सरकारी विद्यापीठात जागा पक्की. ऑस्टिनच्या विद्यापीठाने मात्र गर्दीपायी ही रेषा ६ आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आणली. इथे खेड्यातली साधी शाळा उलट फायद्याची. नामांकित शाळेतलं हुशार पोर हुशारांच्याच गर्दीत मागे पडतं.

हार्वर्डला असा नियम नाही. गुण हवेतच, पण शाळेत कोणते कठीण विषय होते, त्यातले किती घेतले, हेही पाहतात. शिवाय शिक्षकांची पत्रं, निबंध. महागड्या खासगी शाळांचे समुपदेशक ही फाइल सजवण्यात पटाईत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, ते वेगळंच! मला टेक्सासचं गणित जास्त सरळ वाटतं, मग गुणांच्या एका दशांशासाठी पोरांची झोप उडाली तरी.